बाप असल्याचा पुरावा

सोफ्याच्या कारखान्यात सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. ओठांत बारीक खिळे धरायचे आणि एकेक काढून ताणलेल्या कापडावर ठोकायचे, हे त्याचं दिवसभराचं काम. माणूस बोलणार कसा? घरी मात्र लेक त्याला गप्प बसू देत नसे. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं होतं. बायको नर्स, रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दुपारपर्यंत झोपायची. त्यामुळे भिंगरीला न्हाऊमाखू घालणं, तिच्या वेण्या घालणं, रुसलेल्या बाहुलीची समजूत काढणं, सगळं बापाकडे.

सुट्टीच्या दिवशी तो तिला मोठ्या बागेत घेऊन गेला. तिथल्या छोट्या आगगाडीच्या डब्यात त्याचे गुडघे हनुवटीला टेकत होते. पण शिट्टी वाजली की लेकीबरोबर तोही "कूऽऽ" करून ओरडत होता. "अजून एकदा!" असं म्हणत म्हणत ऊन चढलं.

"आता पुरे. आई उठेल, जेवायला वाट बघेल."

"नाही जायचं!" भिंगरीने जमिनीवर बसकण मारून भोकाड पसरलं. त्याने समजावलं, चुचकारलं, शेवटी उचलून खांद्यावर घेतलं. ती पाय झाडत, त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत राहिली.

फाटकाशी एक काळा चष्मा लावलेली बाई आडवी आली. "अहो, थांबा! कोणाची मुलगी आहे ही?"

"माझी."

"मग एवढी का रडतेय?"

तोवर पहारेकरी आला. बघ्यांचं कोंडाळं जमलं. एका पोराने मोबाइल वर धरला. पहारेकऱ्याने तिलाच विचारलं, "बाळ, हे कोण आहेत?"

भिंगरी फुरंगटलेलीच. "मला नाही माहीत! कट्टी!"

झालं! पहारेकऱ्याने तिला दंडाला धरून बापाच्या हातातून ओढून घेतलं. तशी ती अशी काही किंचाळली की मघाचं रडणं खेळातलं वाटावं. "बाबा! बाबाऽ!"

मौनीबाबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने लेकीला हिसकून घेतलं, ती त्याच्या गळ्याला चिकटली. एवढं बघूनही पहारेकरी म्हणाला, "तिच्या आईला फोन लावा. आईशी बोलू दे, मग जा."

"तिची आई रात्रभर लोकांच्या उशाशी उभी होती. आत्ता झोपलीय. मी बाप आहे हे तुम्हाला पटावं म्हणून तिला उठवू?" एवढं लांब वाक्य तो कारखान्यात आठवड्यातसुद्धा बोलत नसे.

"आमचं कामच आहे साहेब."

"विचारणं काम असेल. ओढणं नाही! आणि त्यांना विचारलंत?" पलीकडून एक बाई हातपाय आपटणाऱ्या मुलाला फरफटत फाटकाबाहेर नेत होती. कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. "त्या आई, म्हणून सरळ बाहेर. मी बाप, म्हणून चोर?"

गलका ऐकून आगगाडीची तिकिटं फाडणाऱ्या मावशी आल्या. "अरे, हे बापलेक सकाळपासून माझ्याच गाडीत बसतायत! काय लावलंय हे?"

पहारेकरी लगेच बाजूला झाला. मौनीबाबाला तेच जास्त झोंबलं. मावशींचं एक वाक्य चाललं. लेकीची हाक आणि त्याचं बोलणं मात्र कवडीमोलाचं!

"सॉरी हं, आजकाल दिवसच असे आहेत," काळा चष्मा म्हणाला.

"दिवसांना कशाला नावं ठेवता, ताई? आधी हिची माफी मागा."

बाईने पुटपुटत भिंगरीची माफी मागितली. पहारेकरी चपलेने माती उकरत राहिला. मोबाइलवाल्या पोराला मात्र मौनीबाबाने समोर उभं करून चित्रफीत पुसायला लावली.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय गं, मजा आली?"

"एका काकांनी मला ओढलं," भिंगरी म्हणाली. मग विचार करून, "आई, पुढच्या वेळी तू पण ये. म्हणजे ते बाबांना रागावणार नाहीत."

बायको ताडकन उठली. "कोण तो? चल, आत्ता दाखव मला!"

"तू नको येऊस," तो म्हणाला. "तू आलीस तर त्यांचंच खरं ठरेल."

पुढच्या सुट्टीला भिंगरी जायला तयार नव्हती. तासभर तिची मनधरणी करावी लागली, तेव्हा कुठे दोघं निघाले. फाटकाशी तोच पहारेकरी होता. भिंगरी बापाच्या पाठीमागे लपली. मौनीबाबाने तिला पुढे घेतलं, पहारेकऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय भिंगरी, आधी गाडी की घसरगुंडी?"

"गाडी," ती अगदी हळू म्हणाली. त्या दिवशी तिने हट्ट केला नाही. एकदाच गाडीत बसली आणि म्हणाली, "बाबा, चला घरी." आणि ते ऐकून त्याचा संताप पुन्हा नव्याने उफाळून आला.