नानांचं माणूस

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात स्वतःच्या संसाराविषयी रोज बोलून त्यातलं काहीही न सांगणारा माणूस एकच होता, आणि ते कळायला आठ वर्षं लागलेला गाढवही एकच होता. पहिले आमचे मोटारवाले नाना. दुसरा मी.

मुंबई नाक्याच्या पुढे नानांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या आणि तांब्याच्या तारेचे नवे वेढे घेऊन परत जायच्या. दुकानाला पाटी नव्हती. "ज्याची जळते तो हुडकत येतो," असं नाना म्हणायचे. मोटारींनाही चिठ्ठी लावायची नाही, नाव लिहायचं नाही. ओळीनं वीस-पंचवीस काळ्या मोटारी पडलेल्या, आणि नाना त्यांच्यातून पाहुण्यांच्या पंगतीत फिरावं तसे फिरायचे. एकदा चांदवडचा एक शेतकरी हट्टालाच पेटला की ही माझी, ती नाही. नानांनी वाकून दोन्ही मोटारींचा वास घेतला आणि म्हणाले, "तुझी ही. हिला कांद्याच्या चाळीचा वास शे." खोलून बघितलं तर आत त्याच्याच पोराची गोटी निघाली. सटाण्याकडचे असल्यामुळे खुशीत आले की नाना अहिराणीत घुसायचे आणि चिडले की शुद्ध बोलायचे. त्यामुळे त्यांच्या 'आहे'ला गिऱ्हाइकं घाबरत आणि 'शे' ऐकलं की चहा मागत.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो देवळ्याच्या आमच्या विहिरीवरची मोटार घेऊन. नुकताच पालिकेच्या शाळेत लागलो होतो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला, आणि हे समोरच्याला पाच मिनिटांत कळेल याची मी काळजी घ्यायचो. इंदिरानगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारावर नावापुढे 'बी.ए. (मराठी), बी.एड.' अशी पितळी पाटी होती. भाडं थकलं तरी पाटीला पॉलिश व्हायचं. नाना एकदा ती बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "मास्तर, ती पाटी बाहेरून लावलीस. आत बसल्यावर तुला कसं कळतं तू कोण ते?" मी यावर बराच वेळ हसलो. उत्तर सुचत नसलं की मी बराच वेळ हसतो.

तर नानांचं बोलणं. मधल्या सुट्टीत मी चहाला गेलो की ते घरच्या बातम्या सांगायचे, आणि त्या सगळ्या बातम्यांचा कर्ता एकच. "आमचं माणूस आज रुसलंय." "आमच्या माणसानं भरीत केलं होतं, मिरच्या मोजल्याच नाहीत." "आमचं माणूस माहेरासारखं चांदवडला जाऊन बसलंय." मी मराठीचा पदवीधर, त्यामुळे मला कळवळा आला तो व्याकरणाचा. "नाना, माणूस हा शब्द पुल्लिंगी आहे. तो माणूस. ते माणूस नव्हे. आणि वहिनींबद्दल बोलायचं तर ती."

"तू तो म्हण, ती म्हण. रुसायचं ते रुसतंच ना?"

"पण लिंग कुठलं?"

"तुझी लिंगं तीन शेतस ना? त्यातलं जे शिल्लक असेल ते."

माझ्या बायकोला मात्र या न बघितलेल्या वहिनींची माया लागली. दर संक्रांतीला ती नानांच्या हाती ब्लाउजपीस आणि तिळगूळ पाठवायची. परत येताना डब्यात बाजरीच्या खुसखुशीत वड्या यायच्या आणि निरोप यायचा, "आमचं माणूस म्हणालं, रंग छान शे." बायको म्हणायची, "किती गुणाची बाई. आणि बाहेर पडू देत नाही तो मेला." मी नानांना स्त्रीस्वातंत्र्यावर दोनदा व्याख्यान दिलं. त्यांनी ते मोटारीला तार गुंडाळत शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुन्हं बरोबर शे, मास्तर. घरी सांगतो."

मग जनगणना आली. आम्हा शिक्षकांना गल्ल्या वाटून दिल्या गेल्या आणि माझ्या वाट्याला इंदिरानगरातली नेमकी नानांची गल्ली आली. आठ वर्षांत त्यांनी मला घरी बोलावलं नव्हतं. मी बेल दाबली. दार उघडलं ते भल्याथोरल्या मिशांच्या, खाकी पँट घातलेल्या, खिशाला दोन पेनं लावलेल्या एका गृहस्थांनी. हातात लाटणं. "पुढे सरका," ते म्हणाले. एस.टी.त तेवीस वर्षं कंडक्टर असलेल्या माणसाला दारातसुद्धा गर्दी दिसते.

मी वहिनींना शोधत आत बघितलं. आत खिडकीला एक पडदा होता. अंजिरी, पोपटी, मोरपंखी, नीट जोडून शिवलेला. माझ्या बायकोचे सात ब्लाउजपीस मी ओळखले. आठवा उशीवर होता.

नाना सतरंजीवर बसले होते. "ये मास्तर. हे आमचं माणूस."

मी खाली बसलो. कागद काढला. सरकारी कागद हातात असला की मला धीर येतो. "कुटुंबप्रमुख?" दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. घर नानांच्या नावावर, म्हणून नाना. मग पुढचा रकाना: कुटुंबप्रमुखाशी नाते. पेन थांबलं.

"इतर लिही," नाना म्हणाले. "नाहीतर काहीच लिहू नको. आपल्या दुकानाला तरी कुठं पाटी शे?"

"इतर नाही लिहायचं," कंडक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण लाटणं थांबलं होतं. "तेवीस वर्षं झाली एकत्र राहून. इतर म्हणजे काय? मी काय फुकट बसलोय का या गाडीत?"

"तुला कशाला पाहिजे सरकारची पावती?"

"तुला नको असेल. मला पाहिजे."

इथे गप्प बसायचं असतं हे आज कळतं. पण मी रविवारच्या पुरवणीत एक लेख वाचला होता, आणि वाचलेलं वाया जाऊ द्यायचं नाही हा पहिल्या पिढीतल्या पदवीधराचा स्वभाव. मी घसा साफ करून सांगितलं, "याला समलिंगी असा शब्द आहे." फळ्यावर लिहून अधोरेखित करतात तसा म्हणालो. नाना खो खो हसले. "बघ, मास्तरला शेवटी लिंग सापडलं!" कंडक्टर हसले नाहीत. "परत म्हणा," ते म्हणाले. मी परत म्हटलं, या वेळी जरा हळू. ते ऐकून ते पोळपाटाकडे वळले.

तसा कोड सरकारच्या नात्यांच्या यादीत नव्हताच. मी "नंतर भरतो" म्हणून निघालो. ही माहिती गुप्त ठेवायची असते, म्हणून मी ती फक्त बायकोला सांगितली. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "तरीच पडदा. पुढच्या वर्षी टॉवेल देऊ, दोन." आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. माझ्या दोन पदव्यांना जे जड जात होतं ते सातवी पास बाईनं खड्यासारखं बाजूला टाकलं.

मी रकान्यात 'भाऊ' लिहिलं. कुणाला संशय नको, कुणी बोट दाखवायला नको. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की कागद जमा करून थेट त्यांच्या घरी ही गोड बातमी द्यायला गेलो. नाना या वेळी हसले नाहीत. कंडक्टर कप खाली ठेवून स्वयंपाकघरात गेले.

"त्याच्या सख्ख्या भावानं त्याला घराबाहेर काढलं आहे," नाना म्हणाले. 'आहे' म्हणाले. "माझ्यापायी."

"मग मी काय लिहायला हवं होतं?"

"मला काय विचारतोस? मला तर काहीच नको होतं. त्याला विचार."

मी आत गेलो. ते पाठमोरे पोळ्या लाटत होते. मी विचारलं. पोळी तव्यावर टाकून म्हणाले, "तो पेपरातला शब्द मी घरात म्हणून बघितला. नव्या चपलेसारखा शे, जरा चावतो. मी चालून बघीन, नाहीतर काढून ठेवीन. पण भाऊ तर माझ्या मापाचाच नाही." मग मागे वळून, "गुरुजी, तिकीट फाडायच्या आधी कंडक्टरसुद्धा विचारतो, कुठं जायचं म्हणून. तुम्ही परस्पर फाडलं."

माझ्याकडे बराच वेळ हसण्याचीही सोय नव्हती. त्यांनी ताट वाढलं. मी जेवलो, मिरच्या मोजल्या नव्हत्या. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरच्यांच्या नावावर खपून गेलं.

पुढे कंडक्टर निवृत्त झाले तसं नानांनी दुकान आवरलं आणि दोघं सटाण्याकडे राहायला गेले. ते काय म्हणवून घेतात, की अजून काहीच नाही, मी विचारलेलं नाही. त्यांना वाटलं तर सांगतील. जनगणनेच्या वेळी तहसील कचेरीतल्या साहेबांनी माझा गठ्ठा वर धरून सगळ्या शिक्षकांना दाखवला होता, "अक्षर बघा, सबंध गल्लीत एक खाडाखोड नाही." टाळ्याही वाजल्या. तो कागद आता कुठल्या गोदामात असेल कोण जाणे. असलाच, तर त्यावर माझ्या वळणदार अक्षरात ते दोघं अजून भाऊ आहेत.