लेख नको, लेन्सचं नाव द्या

मंडळी, आज फोटोग्राफीच्या एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला. मोलगीच्या आठवडे बाजारात वर्षभर काढलेले फोटो आणि त्यांच्यावरचा लेख मी पाठवला होता.

"फोटो छापतो. लेख नको. कॅमेरा, लेन्स कोणती तेवढं लिहा. वाचकांना तेच लागतं."

"मीही तुमचा जुना वाचक आहे. मला नाही लागत."

ते हसले. मी फोटो मागे घेतले.

बायको ऐकत होती. म्हणाली, "मंग मासिक कसाले लेतस? दुकानमा कॅमेराना कागद फुकट भेटतस."

खरंच आहे, दुकानातली फुकट माहितीपत्रकं आणि हे मासिक सारखंच. दर अंकात नवे कॅमेरे आणि सूर्यास्ताची तीच शिकवणी. वर्गणी आजच बंद केली.

हात बसलेल्या हौशी माणसाने वाचावं असं एखादं मासिक तुम्हाला माहीत आहे? नसेल तर तसंही सांगा, म्हणजे शोधणं थांबवतो.