एक तांदूळ मागे

"किती वाजले?" असं विचारलं की ते आधी विचारायचे, "कुणाचे?"

तुमचे वेगळे, माझे वेगळे, एसटी स्टँडवरचे तर विचारूच नका. खरे वाजायचे ते फक्त त्यांच्या आतल्या खोलीत. मुंबईच्या ऑफिसात आयुष्य काढून हा माणूस पनवेलला आमच्या शेजारी तळमजल्यावर राहायला आला आणि लंबकाचं घड्याळ बनवायला बसला. दातेरी चाकं स्वतः कापायची, लंबक स्वतः घासायचा. लोक निवृत्त झाल्यावर देवाला लागतात, हे कानशीला लागले.

मी गवंडी. शाळा नावापुरती, पण आम्ही राहतो ती इमारत माझ्या हातची. एक तडा दाखवा. मला बोलावून म्हणाले, "मिस्त्री, घड्याळ टांगायला खांब हवाय. थेट जमिनीतून वर. घराला कुठेही न चिकटलेला."

"घड्याल हाय का देऊल?"

"ट्रक गेला की घर हलतं. घर हललं की लंबक बिघडतो."

"मी बांदलेला घर हालत नाय!"

तासभर भांडलो. मग फरशी फोडली, खणलं, काळ्या दगडाचा खांब उभा केला. भोवती बोटभर फट राहिली. आता तुम्हीच सांगा, फट तशीच सोडून घरी जाणारा गवंडी पाहिलाय का कधी? मी सिमेंटने झकास बुजवली. सकाळी हे कपाळाला हात लावून बसलेले. "मिस्त्री, ती फट म्हणजेच काम होतं हो!" पुन्हा छिन्नी मारून फोडली. माझं अजून म्हणणं आहे, बुजवलेली दिसायला बरी होती.

एवढं अचूक घड्याळ घरात आणि स्वारी सगळीकडे उशिरा. निघताना त्याच्याकडेच बघत बसायचे. माझ्या नातवाच्या लग्नाला तेवढे वेळेवर आले, तेच चुकलं. मंगलाष्टकं संपत आली, सगळ्यांच्या मुठी अक्षता घेऊन वर, आणि हे उभे राहून ओरडले, "थांबा! मुहूर्त अजून आलेला नाही!" भटजींनी मोबाइल दाखवला, ह्यांनी मनगट. शेवटी माझी बहीण किंचाळली, "टाका रं! पोरगा म्हातारा व्हईल!" पहिल्या अक्षता नवऱ्यावर नाही, ह्यांच्या टकलावर पडल्या.

अक्षतांचं आणि ह्यांचं काहीतरी होतंच. घड्याळ रोज जरासं मागे पडायचं. लंबकाच्या दांडीवर चिमुकली बशी होती, तिच्यात किंचित वजन टाकलं की घड्याळ तेवढंच पुढे पळतं. किती टाकावं, हे ह्यांना सापडेना. दसऱ्याला वहिनींनी, म्हणजे ह्यांच्या बायकोने, घरातल्या हत्यारांची पूजा केली, तशी घड्याळाचीही केली. अक्षता थेट बशीत.

"अगं, हे काय हत्यार आहे?" इमारत दणाणली. सकाळी पाहतात तर घड्याळ बरोबर.

मी म्हटलं, "वैनींमुलं झाला."

"कोलममुळे. बारीक तांदूळ असतो."

तेव्हापासून तांदूळ हेच माप. चहा उशिरा आला, एक तांदूळ मागे. रिक्षावाला घाई करतोय, दोन तांदूळ पुढे.

मग एक वेड शिरलं. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत फक्त चावी द्यायची, बाकी हात लावायचा नाही, आणि वर्षात एका सेकंदाची चूक होता कामा नये. उपग्रहाकडून वेळ घेणारी एक डबी खिडकीत ठेवली होती, तिच्याशी ताडून बघायचं. एका वर्षी मांजर शिरलं. पुढच्या वर्षी ह्यांनाच राहवलं नाही, तांदूळ उचलायचा चिमटा घेऊन स्वतःच शिरले. वहिनी हसून हसून बेजार.

यंदा मांजर नाही, चिमटा नाही. गणपती झाले आणि ह्यांच्या छातीत कळ आली.

हॉस्पिटलात गेलो. "तब्बेत कशी हाय?"

"एक तांदूळ मागे." मग हात धरून म्हणाले, "हिला सांगा, चावी दे. दसऱ्यापर्यंत अक्षता नको. दसरा उलटला की हवी तेवढी पूजा कर."

परत आले नाहीत.

वहिनींनी चावी चुकवली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. डबीवरचा आकडा बदलला आणि त्याच्या पाठोपाठ घड्याळाचा काटा सरकला. मधे जराशी फट. सेकंद तोच. मला फट बुजवायची सवय, पण ही तशीच बघत राहिलो.

"जमलं की हो त्यांना," वहिनी म्हणाल्या. वाटीत अक्षता होत्या. "घरात दुखवटा, मला पूजा चालायची नाही. मिस्त्री, तुम्ही टाका. एकच."

गवंड्याची बोटं. दोन पडले.

"चिमटा आनू का?"

"राहू द्या," म्हणत त्यांनी काचेचं दार लावलं.

आता ते घड्याळ दोन तांदूळ पुढे पळतंय, आणि ओरडायला कुणी नाही.