किनाऱ्यावरचं वादळ पूर्णाकाठी आलं

मी मूळचा अंजनगाव सुर्जीचा. फौजेत इंजिनिअर्समध्ये होतो, नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. लोक मला सीमेवरचं विचारतात. मी सांगतो तो दिवस मात्र माझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर गेला.

सप्टेंबर महिना होता. बंगालच्या उपसागरात वादळ तयार होत होतं आणि आमची पूरमदतीची तुकडी नागपूरला स्टँडबाय होती. बोटी, इंजिनं, लाइफ जॅकेट ट्रकवर चढवलेली. हवामानाचं बुलेटिन आलं की वादळाचं केंद्र नकाशावर लावायचं काम माझ्याकडे होतं. किनारा ओलांडल्यावर ते उत्तरेला छत्तीसगडकडे वळेल आणि तिथंच विरेल, असा अंदाज होता.

ते आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं, पण वळलं नाही. पुढचं टिंब पश्चिमेला पडलं, त्याच्या पुढचंही पश्चिमेलाच. प्रत्येक बुलेटिन म्हणे, आता जोर ओसरेल.

मेजरसाहेब हरियाणाचे. नकाशावर वाकून म्हणाले, "साहब, ये जा कहाँ रहा है?"

"सर, अभी तो सीधा मेरे घर जा रहा है."

दोघंही हसलो नाही. दुपारी मूव्ह ऑर्डर आली.

दर्यापूरला पोचलो तेव्हा काळ्या जमिनीनं पाणी पिणं सोडून दिलं होतं. कपाशी, सोयाबीन, सगळं एका पातळीत बुडालेलं. आम्ही एका कॉलेजच्या मैदानात तळ टाकला. एक रेडिओ सेट परतवाड्याला ठेवला, कारण मेळघाटात पडलेलं पाणी आधी तिथल्या लोकांना दिसतं आणि काही तासांनी खाली पूर्णेत येतं.

सकाळी पूर्णाकाठच्या एका गावात दोन बोटी लावल्या. लोक शाळेच्या गच्चीवर होते. माझ्या बोटीचं इंजिन नायक सुधाकर चालवत होता. तो अकोला जिल्ह्यातला, बाळापूरकडचा. कंपनीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघंच.

दोन फेऱ्या नीट झाल्या. पाऊस थांबला. बुलेटिन आलं : वादळाची प्रणाली क्षीण, पश्चिमेकडे सरकली.

सुधाकरनं मेळघाटाच्या दिशेला पाहिलं. "साहेब, हे गेलं म्हनतेत. मंग तिकडं काळं काहून दिसून राहिलं?"

तेवढ्यात परतवाड्याहून सेट वाजला.

"टायगर, टायगर टू बोल रहा हूँ. यहाँ बारिश फिर चालू. बहुत तेज. नाला पुल के ऊपर. ओव्हर."

वादळ गेलंच नव्हतं. डोंगराला टेकून उभं राहिलं होतं. मी मेजरसाहेबांना कळवलं.

"छत पर कितने लोग हैं?"

"एक फेरे में दोनों बोट में आ जाएँगे, सर."

"ले आओ. फौरन. ओव्हर."

पहिली बोट भरून निघाली. आम्ही मागून निघालो. बोटीत म्हातारी माणसं, बाया, दोन तान्ही लेकरं. शाळा मागे पडली आणि इंजिन करकरून बंद झालं. शेतकरी रानडुकरांसाठी तारेचं कुंपण घालतात. ते पाण्याखाली होतं. तार पंख्यात गुंडाळली गेली होती आणि बोट जागच्या जागी अडकली.

सुधाकरनं कटर घेतला, कमरेला दोरी बांधली.

"दोरी तुमी धरा, साहेब. मी दोनदा ओढली का समजा तार सुटली."

तो खाली गेला. वर आला, श्वास घेतला, परत गेला. पाण्याचा रंग बदलत होता. मातकट होतं ते लाल झालं, त्यात सागाची पानं येऊ लागली. आमच्याकडे साग नाही. ते डोंगरातलं पाणी होतं.

"सुधाकर, चढ वर!"

"एकच राहिली, साहेब." तो परत खाली गेला.

एका बाईनं लेकरू छातीशी धरून डोळे मिटले. दोरीला दोन झटके बसले. बोट सुटली, प्रवाहात आडवी झाली. त्याच वेळी मुळासकट उपटलेली एक बाभूळ आमच्या आणि त्याच्या मधून गेली. दोरी तिच्यात अडकली. बोटीचा एक काठ खाली दबला, पाणी आत आलं. लोक ओरडले. मी सुधाकरला ओढत होतो आणि झाड आम्हाला ओढत होतं.

मग दोरी एकदम हलकी झाली.

बोट सरळ झाली. मी इंजिन सुरू केलं, तीन चकरा मारल्या. हाका मारल्या. सेटवर मेजरसाहेबांचा आवाज आला, "पहले सिव्हिलियन निकालो." मी लोकांना काठावर उतरवलं आणि परत गेलो. अंधार पडेपर्यंत दोन्ही बोटी शोधत होत्या. दोरी मी ओढून घेतली होती. तिचं टोक कटरनं कापल्यासारखं सरळ होतं.

तिसऱ्या दिवशी तो खाली एका वळणावर सापडला. तोवर वादळही विरलं होतं.

मी त्याच्यासोबत त्याच्या गावी गेलो. मानवंदना झाली, बंदुकीच्या फैरी झाल्या, पुढारी बोलले. सगळे गेल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ येऊन बसले.

"साहेब, त्याले पोयता येत होतं?"

"हो, बाबा."

"खरं सांगा. हा आमचा खारपानपट्टा. विहिरीचं पानी खारं, नदी उन्हाळ्यात कोरडी. मी त्याले लहानपनी डबक्यातबी उतरू नाई देल्लं. त्याले पोयता येत नसतानी तुमी पान्यात धाडलं का?"

मी त्यांना सांगितलं. ट्रेनिंगमध्ये सुधाकर पहिल्या दिवशी बुडता बुडता वाचला होता. रविवारी सगळे झोपायचे तेव्हा हा एकटा सराव करायचा. पुढं तो नव्या पोरांना पोहायला शिकवू लागला. कंपनीत त्याच्याइतका दम कोणाचा नव्हता.

"किती येळ राहे पान्याखाली?"

"सगळ्यांपेक्षा जास्त."

ते विचारत राहिले, मी सांगत राहिलो. थोड्या वेळानं शेजारचे कोणी भेटायला आले. म्हातारे उठून उभे राहिले.

म्हणाले, "आमचा सुधाकर लय चांगला पोयत होता."