जेवणाच्या सुट्टीत कुपवाडला

सांगलीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात हंबीरराव घोरपडे संगणकाची लॅब सांभाळतात. फौजेत सिग्नल्समध्ये अठरा वर्षं काढून आले, तेव्हापासून इथंच. पोरं त्यांना मामा म्हणतात. शेवटच्या वर्षाला नोकरीचा प्रश्न पडला, की प्राध्यापकांच्या आधी पोरं मामांना गाठतात.

लॅब रिकामी असली की मामा खिडकीशी बसतात. हिवाळ्यात बाहेर उसाला तुरे आलेले असतात, सगळं रान पांढरं, झुलतं. मामांची नजर त्यात हरवते. राजस्थानात वाळूच्या टेकडीवर कानाला हेडफोन लावून ते असेच बसायचे. माणूस कुठंच दिसायचा नाही, नुसते लांबून आवाज यायचे. त्या आवाजांची घरं, अंगणं, चेहरे मामा मनातल्या मनात रचायचे. ती सवय अजून गेलेली नाही. पोरगं समोर येऊन बसलं, की त्याचं दहा वर्षांनंतरचं आयुष्य मामांना आधी दिसायला लागतं.

त्यातूनच एकदा चूक झाली. भिलवडीच्या यशराजला एका मोठ्या कंपनीत जागा मिळाली होती आणि पुण्यातल्या एका नव्या स्टार्टअपनंही बोलावलं होतं. मामा हरखून म्हणाले, "जा गड्या, कोऱ्या रानात पयलं पाऊल तुझं पडंल." यशराज गेला. आठ महिन्यांत ते स्टार्टअप बंद पडलं.

मामा भिलवडीला त्याच्या घरी गेले. "चुकलं माझं. सपान माझं हुतं, घातलं तुझ्या गळ्यात."

यशराज म्हणाला, "कंपनी बंद पडली त्याचं काय न्हाई, मामा. पण जायच्या आधी मी एकदाबी तिथं जाऊन बघितलं न्हाई. त्याचं वाईट वाटतंय."

यशराजला पुढं दुसरीकडं चांगलं काम मिळालं. मामांनी मात्र त्या दिवसापासून सल्ला देणं सोडलं. आता ते पोरांना कामाची जागाच दाखवायला नेतात, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत. "कामात सगळी माणसं सारखीच दिसत्यात," ते म्हणतात. "जेवताना बघावं. साहेब कुठं बसतोय, कुणाच्या डब्यात कोण हात घालतंय, कोण कोपऱ्यात एकटंच खातंय."

गेल्या हिवाळ्यात सृष्टी त्यांच्याकडं आली. आटपाडीची, वडिलांची डाळिंबाची बाग. तिला दोन बोलावणी होती. कुपवाडच्या एका शेडमध्ये धवल नावाच्या तरुणानं चार मित्रांबरोबर कंपनी काढली होती. बागेतल्या मातीत किती ओल आहे ते मोबाईलवर कळवणारं यंत्र ते बनवत होते. दुसरी कंपनी साताऱ्याची, पंधराएक माणसांची, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी.

मातीचं यंत्र ऐकलं आणि मामांच्या डोळ्यांपुढं आटपाडीचं कोरडं रान उभं राहिलं. ते रान हळू आवाजात बोलतंय आणि ही पोरगी कान देऊन ऐकतेय. पण त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि स्कूटर काढली.

कुपवाडला पोचले तेव्हा शेडशेजारच्या कारखान्यात लेथ मशीन घरघरत होतं. पाचही जण एकाच टेबलाभोवती भाकरी खात होते. धवलनं स्वतःची खुर्ची सृष्टीला दिली आणि तो खोक्यावर बसला. चेष्टामस्करी चालली होती. सृष्टीही हसत होती. मग तिनं विचारलं, "मी चुकले तर मला कोण सांगणार?"

धवलनं हातातली भाकरी खाली ठेवली. "खरं सांगू? कुणीच नाही. आम्ही सगळेच तुझ्यासारखे नवीन आहोत."

परत येताना मामांनी कृष्णेकाठी स्कूटर थांबवली. उन्हात पाणी हलत नव्हतं.

"माणसं लय चांगली हायत, मामा," सृष्टी म्हणाली. "पण मी न्हाई जाणार. मला अजून चूक दाखवणारं कुणीतरी पायजे."

मामांना दिसणारं ते रान विरून गेलं. आतून थोडं तुटलंही. नदीकडं बघत ते म्हणाले, "मग साताऱ्याला कवा जायचं?"

पुढच्या आठवड्यात दोघं सकाळच्या गाडीनं निघाले. धुक्यातून गावं येत होती, जात होती. साताऱ्याच्या त्या कचेरीत विजयमाला नावाच्या पन्नाशीच्या बाई प्रमुख होत्या. जेवताजेवताच त्या एका मुलाला त्याचा कोड कुठं अडकला ते दाखवत होत्या, रागावत नव्हत्या, पण सोडतही नव्हत्या. मामा पाय मोकळे करायला बाहेर पडले. अजिंक्यताऱ्यावर ढग टेकला होता. तो बघत किती वेळ गेला ते त्यांना कळलंच नाही. परतले तेव्हा सृष्टी विजयमालाबाईंच्या शेजारी, संगणकाच्या पडद्यात डोकं घालून बसली होती. तिचा डबा तसाच होता. मामांनी हाक मारली नाही. दारातल्या बाकावर बसून राहिले.

जूनमध्ये सृष्टी तिथं रुजू झाली. दिवाळीच्या आधी रजा काढून कॉलेजात आली, ती थेट लॅबमध्येच.

"बाईंनी एकच काम अकरा वेळा करायला लावलं, मामा."

"रडलीस?"

"दोनदा." ती हसली. "धवलचा फोन आलता. शिकून झालं की ये म्हणतोय."

"मग?"

"त्याला म्हणलं, अजून शिकून झालं न्हाई."

मामा मान हलवत हसले आणि दुपारच्या बॅचसाठी एकेक संगणक चालू करत पुढं गेले.