बाईंची कागदी पट्टी

पोटात पाप असलेल्या माणसानं नागपुरात कुठंही खुशाल फिरावं, फक्त आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंसमोर उभं राहू नये. वीस वर्षं मी त्यांच्या शेजारच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, पण त्यांनी मला 'कसे आहात' असं एकदाही विचारलं नाही. माझ्या बुटांकडे बघून म्हणायच्या, "कोराडीले गेलते का सर? राख हाय." गेलेलोच असायचो, तिथल्या औष्णिक वीजकेंद्राजवळच माझी सासुरवाडी. रजेच्या अर्जात मात्र मी ताप लिहिलेला असायचा.

बाईंना गुन्ह्याच्या तपासाच्या शास्त्राचं, फॉरेन्सिकचं वेड; पर्समध्ये कायम भिंग, चिमटा आणि खाकी पाकिटांचा गठ्ठा. एकदा स्टाफरूममध्ये कोणीतरी त्यांचा समोसा अर्धा खाऊन ठेवला. दुसरं कोणी असतं तर दुसरा मागवून मोकळं झालं असतं. बाईंनी मला आणि शिपायाला पंच म्हणून उभं केलं, समोशावरच्या दातांच्या खुणा मोजल्या, रीतसर पंचनामा लिहिला आणि जाहीर केलं, "वरचा डावा दात अर्धा हाय." तेवढ्यात प्राचार्य हसत आत आले, आणि तोंड घट्ट मिटून आल्या पावली परत गेले. एवढा तपास करणाऱ्या बाईंची स्वतःची स्कूटीची चावी मात्र रोज हरवायची, आणि ती शोधायला अख्खा वर्ग कामाला लागायचा.

त्यांचा खरा हट्ट डब्यांचा. मुद्देमालाच्या डब्यावर सही केलेली कागदी पट्टी चिकटवायची, आणि डबा कोणी कोणाला किती वाजता दिला हे सोबतच्या कागदावर लिहायचं. हाच नियम त्यांच्या ठेच्याच्या बरणीलाही! एकदा बरणीवरची पट्टी जराशी सरकलेली दिसली, तर बाईंनी सगळा ठेचा फेकला आणि दुसऱ्या दिवशी नवा कुटून आणला. मी हळहळलो. त्या म्हणाल्या, "पट्टी हलली की आतलं बाद. कोनं हलवली ते मंग पाहू." मी तेव्हा पोट धरून हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी फॉरेन्सिक प्रयोगांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बाई सहा मुलांना तयार करत होत्या. त्यातले तिघंच जाणार होते. त्या सहांत माझी मुलगी होती, सायली. मेडिकलला दोनदा मार्क कमी पडल्यावर ती वर्षभर खोलीचं दार लावून बसली होती. बाईंनी तिच्या हातात ब्रश आणि पावडर दिली, तशी पोरगी जेवताना बोलायला लागली, घरातल्या पेल्यांवरचे ठसे उचलायला लागली. निवड हुकली तर ते दार पुन्हा लागेल, ही भीती माझ्या मनात घर करून बसली.

निवडीच्या आदल्या दिवशी बाईंनी चाचणीचा डबा माझ्या कपाटात ठेवला. "चावी तुमच्यापाशीच राहू द्या सर. तुमच्यावर भरोसा हाय." दुपारी सगळे कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खायला गेले, आणि मी ब्लेडनं ती पट्टी अलगद सोडवली. आत एक रुमाल, त्यावर लाल डाग, आणि बाईंच्या अक्षरात उत्तराची चिठ्ठी: बीटचा रस. पट्टी मी परत होती तशी चिकटवली. सांगायला लाज वाटते, पण स्वतःच्या हातसफाईवर मी खूशही झालो.

संध्याकाळी जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "लाल दिसलं की रक्तच असते असं नाही. बीटही असू शकते."

सायलीचा घास हातातच राहिला. "बाबा, हे काहून सांगून राहिले तुम्ही?"

"असंच," मी म्हणालो आणि भात वाढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाच मुलांनी रीतीप्रमाणे ओला कापूस डागाला लावला, त्यावर रसायनाचे थेंब टाकले. कापूस गुलाबी झाला आणि त्यांनी 'रक्त' लिहिलं. माझ्या मुलीनं थेंब टाकलेच नाहीत. सरळ 'बीट' लिहिलं. बाईंनी तिचा कागद दोनदा वाचला. "चाचणी केली का वं, सायली?" तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "नाही," ती म्हणाली. मुलं खदखदून हसली. आणि मी, तिचा बाप, सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढंही कळत नाही तुले?"

बाई मुलांवर कडाडल्या, "हसू नका! पोरीची चूक नाही. कालचा डबा बाद होता." मुलांना वाटलं, बाई तिला सांभाळून घेतायत. मला मात्र ठेचा आठवला. सकाळी माझ्याकडून डबा घेताना बाईंनी पट्टी पाहिली होती, बीटचा रुमाल फेकला होता आणि मटणवाल्याकडून रक्त आणून नवा डाग केला होता. आता त्या माझ्याकडे वळतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या वळल्याच नाहीत.

तिसऱ्या जागेवर काटोलहून बसनं येणाऱ्या एका मुलीची निवड झाली, आणि ती होतीच तेवढी हुशार. आमच्या घरातलं दार पुन्हा लागलं. तिसऱ्या दिवशी बाई रिक्षा करून घरी आल्या. "सायली, चावी हरवली वं. चाल, शोधून दे मले." चावी त्यांच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यातून डोकावत होती. मी पाहिली आणि बोललो नाही. त्या सगळ्या प्रकरणात तेवढंच मी बरोबर केलं. सायली त्यांच्यासोबत गेली, आणि पुढच्या वर्षी संघातही आली.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी माझ्या हातात एक खाकी पाकीट ठेवलं. आत ती कागदी पट्टी होती, आणि तिच्यावरून टेपनं उचललेला एका अंगठ्याचा ठसा. सोबतच्या कागदावर तारीख, वेळ, जागा, सगळं नीट लिहिलेलं. निष्कर्षाच्या रकान्यात एवढंच: 'जुळवून पाहिला नाही.' समोशावरचे दात मोजणाऱ्या बाई! दोन वर्षं मी रोज त्यांच्यासमोर चहाचा कप धरून बसत होतो.

घरी येऊन ते पाकीट मी सायलीपुढे ठेवलं. तिनं कागद वाचला. "कोणाचा हाय हा?" मी अंगठा पुढं केला.

तिनं शाईचं पॅड काढलं, माझा अंगठा कागदावर हळूच फिरवला आणि दोन्ही ठसे भिंगाखाली धरून बराच वेळ बघत राहिली. उत्तर तिला त्या दिवसापासून माहीत होतं. तरी या खेपेला तिनं चाचणी पूर्ण केली.

"जुळते, बाबा."

"माफ कर, बेटा," मी म्हणालो.

ती कापूस ओला करून माझ्या अंगठ्याची शाई पुसायला लागली. शाई लवकर निघत नव्हती, आणि मीही हात मागं घेतला नाही.