वरखालीची चिनी कार्डं

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणून गल्लीत त्याला सगळे 'वरखाली' म्हणतात, आणि त्याला ते नाव मनापासून आवडतं. यावरून माणूस कसा आहे ते कळावं. त्याच्याकडे खेळायची कार्डं आहेत, कपाट भरून. ज्यांच्यापायी जगभरातली पोरं आईबापांचं डोकं खातात तीच ती: शेपटीवाले प्राणी, पंखवाले राक्षस, कोपऱ्यात आकडे आणि खाली बारीक मजकूर. फरक एवढाच, की भावाकडची सगळी चिनी भाषेत छापलेली आहेत. आणि भावाला चिनी येत नाही. एक अक्षरसुद्धा नाही.

मी त्याची थोरली बहीण. तो तिसऱ्या मजल्यावर राहतो, तळमजल्यावर माझी लाँड्री आहे आणि लाँड्रीच्या मागे माझी खोली. माझं म्हणणं साधं होतं. माणसाला जमवायचाच नाद असेल तर उपयोगी पडेल असं जमवावं. हँगर जमवावेत. पण पालथ्या घड्यावर पाणी.

या नादाची सुरुवात एका खड्ड्यात झाली. प्रत्येक लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो. लिफ्टचा डबा आणि मजला यांच्यामधल्या फटीतून लोकांच्या हातातलं जे निसटतं ते तिथे जाऊन पडतं. किल्ल्या, कानातली, नाणी. एकदा तर दातांची अख्खी कवळी. त्यांच्या धंद्यात रीत अशी, की सापडलेली वस्तू वॉचमनच्या खिडकीत मांडून ठेवायची आणि बरेच दिवस कोणी फिरकलं नाही तर ज्याला सापडली त्याची. कवळीचा मालक त्याच संध्याकाळी आला, तोंडावर रुमाल धरून. पण एक कार्ड तसंच पडून राहिलं. त्यावर गलेलठ्ठ निळा प्राणी होता, डोळे मिटलेले, हात पोटावर, आणि खाली चिनी मजकूर. शेवटी भावाने त्यावरचं ग्रीस पुसलं आणि ते खिशात घालून घरी आणलं.

घरी लेक अंथरुणात होती. माझी भाची तेव्हा शाळेत नुकती जायला लागली होती. जिन्यावरून पडली आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर. लिफ्टवाल्याची पोर जिन्यावरून पडली म्हणून गल्लीने हसून घेतलं, पण पोरगी दिवसरात्र रडायची. तिने कार्ड उलटसुलट केलं आणि विचारलं, "बाबा, काय लिहिलंय?"

दुसरा कोणी बाप असता तर म्हणाला असता, मला काय ठाऊक. माझ्या भावाने चष्मा पुसला, ओळीखाली बोट ठेवलं आणि सरळ वाचायला लागला.

"अडकलेली लिफ्ट पडत नाही. हे कार्ड ज्याच्या हातात असेल त्याने घाबरायचं नाही. फक्त मोठ्याने सांगायचं, मी इथे आहे."

मी तिथेच बसले होते. ही वाक्यं मला पाठ होती. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लोकांना हा वरून ओरडून हेच सांगत आला होता. डबा अडकतो म्हणजेच ब्रेकने त्याला धरून ठेवलेलं असतं. तो पडत नाही, त्यात बसलेली माणसं उगाच देवाघरी जायच्या तयारीला लागतात. पोरीने ते कार्ड मुठीत धरलं ते सोडेचना. प्लॅस्टर कापायला डॉक्टरांनी करवत सुरू केली तेव्हा ती "मी इथे आहे!" म्हणून अशी किंचाळली, की करवत आधी बंद पडली की डॉक्टर, हे नर्सलाही सांगता आलं नाही.

झालं. पोरीला आणखी कार्डं हवी झाली. भाऊ दुकानात गेला, तर तिथे इंग्रजीतली कार्डं ढिगाने. ती त्याने हातात घेऊन परत ठेवली. "ही वाचता येतात," तो मला म्हणाला. "वाचता आलं की संपलं ना, ताई." मग तो चिनी कार्डांच्या मागे लागला. दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत जमवणाऱ्यांची अदलाबदल चालते. तिथे मिसरूड फुटलेली पोरं याला 'काका' म्हणून मान देतात. कारण एका गोष्टीत हा त्यांच्या पुढे गेलाय. चिनी अक्षरं दोन तऱ्हांची असतात म्हणे, एक दाट रेघांची, एक विरळ. कार्ड नुसतं हातात घेऊन कुठली छपाई, पहिली की नंतरची, अस्सल की नकली, हे तो सांगतो. अर्थ सोडून बाकी सगळं त्याला कळतं.

तिथेच त्याने एकदा चुकीचं छापलेलं कार्ड पाहिलं. चित्र एकाचं, मजकूर दुसऱ्याचा. कारखान्यात अशी चूक क्वचित होते, आणि जमवणाऱ्यांच्या जगात अशा कार्डाला जो भाव, तो बरोबर छापलेल्याला नाही. त्यानंतर आठवडाभर तो जेवताना सुस्कारे टाकत होता. भावजयीला वाटलं, प्रेमात पडला.

कार्ड आलं की आधी पारदर्शक पिशवीत, मग नऊ खिशांच्या पानात, मग फाइलमध्ये. ओल्या हाताने शिवायचं नाही. भावजय म्हणते, "मला असं प्लॅस्टिकमध्ये ठेवलं असतंस तर मीही अजून कोरी राहिले असते."

पण रविवारची पोरं कार्डं नुसती ठेवतात. आमच्याकडे ती खेळली जायची, भावाच्या वाचनाप्रमाणे. मिशीवाला पक्षी म्हणजे तपासणी साहेब. तो ज्याला येईल त्याने उठून ताठ उभं राहायचं आणि दुसरं कोणी "तपासणी झाली, बसा" म्हणेपर्यंत हलायचं नाही. दोन तोंडांचा सरडा म्हणजे ओव्हरलोड. खोलीत जो सगळ्यात शेवटी आला त्याने बाहेर जायचं. शेपटीला ज्योत असलेला आला की वीज गेली, सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि तेवढ्या वेळात फसवाफसवी माफ. गंमत म्हणजे एकदा वाचलेलं त्याने पुन्हा कधी बदललं नाही. मूळ मजकुराशी काहीही असो, स्वतःच्या थापेशी हा माणूस कायम इमानदार राहिला.

भाची मोठी झाली, नोकरीला लागली, तरी सुट्टीच्या दिवशी फायली निघायच्या. हल्ली फोन कार्डासमोर धरला की तो म्हणे भाषांतर करून दाखवतो. आमच्या घरात तो कोणी धरला नाही. खेळायला बसायच्या आधी भाची आपला फोन चपलांच्या कपाटात ठेवून यायची, न सांगता. मी मात्र कधी खेळले नाही. मी कडेला बसून चहा प्यायचे आणि "आटपा आता" म्हणायचे.

मग एक दिवस भाचीने सांगितलं, एक जण आवडलाय, जेवायला आणते. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या काउंटरवर, तोंड एवढंसं करून.

"ताई, तो दुभाषा आहे."

"मग? पोट भरतंय ना त्याचं?"

"अगं, चिनी भाषेचा! यंत्रांबरोबर चिनी माहितीपुस्तकं येतात ना, ती तो आपल्या भाषेत करतो. तो कार्डं वाचेल!"

मला हसू आवरेना. "तुझ्या लेकीला काय, अजून खरं वाटतं तुला चिनी येतं म्हणून?"

तो माझ्या इस्त्रीच्या टेबलावरची सुरकुती बोटाने सपाट करत राहिला. "तिला कळतच असेल गं. एवढी मोठी झाली. पण खरं काय आहे ते अजून कोणी मोठ्याने वाचलेलं नाही ना. एकदा वाचलं, की माझं परत कसं चालणार? तिच्या घरी ती खरं खरं खेळेल. मग मी कशाला लागतो?"

माझं हसू तिथेच विरलं. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी ओरडते. "आण त्या फायली इकडे," मी ओरडले.

फायली माझ्याकडे आल्या. मी त्या कोटांच्या पिशव्यांत घातल्या, वर चिठ्ठ्या टाचल्या आणि मागच्या दांडीवर धुतलेल्या कोटांच्या रांगेत टांगल्या. भावाने दुकानातून इंग्रजी कार्डांचं पाकीट आणलं आणि वरच्या रिकाम्या कपाटात दिमाखात ठेवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, दुभाषा येईपर्यंत तो त्या कपाटाकडे बघत होता.

दुभाषा आला. शिडशिडीत, गंभीर, बोलायच्या आधी विचार करणारा. कुठल्याही प्रश्नाला याचं उत्तर तोललेलं. मी विचारलं, "आमच्या जिन्याने दम लागला का?" तर म्हणाला, "थोडा, दुसऱ्या मजल्यानंतर." मला पटला. माणूस खोटं बोलत नव्हता. आणि त्या संध्याकाळी नेमकं तेच नको होतं.

जेवताजेवता भाचीने खेळ काढायला सांगितलं. भावाने इंग्रजी पाकीट फोडलं. काय सांगू, इतका नीरस खेळ मी बघितला नाही. जे छापलंय ते छापलंय. याचे वीस गेले, त्याचे तीस गेले, आता तुझी पाळी. कोणी उभं राहिलं नाही, कोणी बाहेर गेलं नाही.

"बाबा, आपल्या फायली कुठायत?" भाचीने विचारलं.

"दुरुस्तीला दिल्यात," भाऊ म्हणाला.

"फायली?"

त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला तो काढेना. भाची माझ्याकडे वळली. "आत्या?"

आता मी काय करणार? "ड्रायक्लीनला आल्यात," मी म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

ती हसत माझी किल्ली घेऊन गेली आणि खांद्यावर कोटांच्या पिशव्या टाकून परत आली. दुभाष्याचे डोळे चमकले. "चिनी आहेत? बघू?" त्याने आधी हात धुऊन कोरडे केले आणि मगच फाइल उघडली. एरवी एवढ्यावर भावाने त्याला घर लिहून दिलं असतं. भाचीने पहिल्या पानातून तो निळा लठ्ठ काढला. इतक्या वर्षांनीही कडेला ग्रीसचा डाग होता. तिने तो दुभाष्याच्या हातात दिला.

"वाच," ती म्हणाली.

भाऊ छताकडे बघायला लागला. मी मनात म्हटलं, देवा, या मुलाची वाचा दोन मिनिटं घे. पण देवाने ऐकलं नाही, आणि मुलाने तर आयुष्यभर वाचायचंच काम केलेलं.

"हा प्राणी झोपी जातो," त्याने वाचलं. "हातातली दोन कार्डं टाकून द्या. बस, एवढंच आहे."

भावजयीने भाजीत घातलेला चमचा तिथेच राहिला. भाऊ छताकडून खाली आला तो थेट स्वतःच्या ताटात. त्याचा चेहरा मला बघवेना.

भाचीने कार्ड परत घेतलं. डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं, जणू तिलाच वाचता येतं. मग म्हणाली, "म्हणजे छापताना चूक झालीय."

"चूक?" दुभाषा म्हणाला.

"हो. मजकूर चुकीचा पडलाय."

ताटात बघतच भाऊ पुटपुटला, "चुकीचं छापलेलं... फार दुर्मीळ असतं गं." त्याच्यातला जमवणारा जागा झाला होता.

दुभाष्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. त्याच्या सवयीप्रमाणे विचार केला. मग गंभीरपणे विचारलं, "बरोबर काय छापायला हवं होतं?"

"अडकलेली लिफ्ट पडत नाही," भाची म्हणाली. कार्ड तिने टेबलावर पालथं ठेवलं होतं. "हे कार्ड ज्याच्या हातात असेल त्याने घाबरायचं नाही. फक्त मोठ्याने सांगायचं..." आणि पुढचं दोघांनी एकदम म्हटलं, बापाने आणि लेकीने, "मी इथे आहे."

भावाने चष्मा काढला आणि माझ्या ओढणीच्या टोकाने पुसत बसला. मी ओढू दिली. रडूनही घेतलं, लपवायचं काय त्यात.

मग इंग्रजी पाकीट उचलून कपाटावर फेकलं गेलं आणि चिनी कार्डं वाटली गेली. पहिली पाळी पाहुण्याची. त्याने कार्ड उचललं. मिशीवाला पक्षी. त्याचे डोळे खालच्या ओळींवरून फिरले, म्हणजे काय छापलंय ते त्याने वाचलं. मग त्याने ते भाचीपुढे धरलं. "यातही चूक झालीय?"

"अख्ख्या कपाटात झालीय," ती म्हणाली आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

त्याने कार्ड खाली ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि उभा राहिला. ताठ, हात बाजूला, नजर समोर. जेवण गार होत होतं. कोणीतरी बोलायला हवं होतं. भाऊ बोलेना, भावजय बोलेना, भाची तर ओठ दाबून बसलेली. मग माझ्या लक्षात आलं, सगळे माझ्याकडे बघताहेत. कधी न खेळलेल्या माझ्याकडे.

मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहून घेतलं.

"तपासणी झाली, जावईबापू," मी म्हटलं. "बसा."